दगडाला दोन मालक

साहेबांनी माझ्यासमोर एक छापील कागद ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही वरच्या ना? मग एवढं भरून द्या." कागदावर तीन मथळे होते: इतिहास, लोक, साधनसंपत्ती. प्रत्येकाखाली चार बोटं जागा. खाण बंद झाली आहे, तेव्हा त्या भागाची माहिती दफ्तरात असावी, असं वरिष्ठांच्या डोक्यात आलं होतं. दीडशे वर्षं तिथून दगड उपसताना माहितीवाचून कुणाचं अडलं नव्हतं. मी हे बोलले नाही, पण माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण साहेब घाईने म्हणाले, "सवडीने लिहा."

'वर' हे काही आमच्या भागाचं नाव नाही. नकाशावर भलतंच काही छापलेलं आहे, ते आमच्यातलं कुणी उच्चारतही नाही. आम्ही नुसतं 'वर' म्हणतो. त्यावरून या दगडांच्या कोठारात माझी सोळा वर्षं एकच थट्टा चालली आहे. मी रजेचा अर्ज दिला की समोर बसणारा खडूवाला चष्मा वर करून विचारतो, "वर जाताय? इतक्या लवकर?" आणि परत आले की म्हणतो, "वर जाऊन परत आलेलं माणूस मी तुमच्याशिवाय पाहिलं नाही." पन्नाशी उलटली त्याची, पण विनोद एकच. तरी मी दर वेळी हसते. न हसले तर दिवसभर त्याचा खडू मोडत राहतो.

तर साधनसंपत्तीपासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. आमच्याकडे ऊबदगड निघतो. राखाडी, हाताला थोडा खरबरीत, दिसायला अगदी सामान्य. रस्त्यात पडला असेल तर ठेच लागेपर्यंत कुणी बघणार नाही. पण हा दगड ऊब घेतो आणि धरून ठेवतो. आठवडाभर उन्हात ठेवा, दोन हिवाळे पुरतो. खाणीच्या तळाचा असेल तर जमिनीच्या पोटातली ऊब घेऊन येतो आणि दहा-पंधरा वर्षं कोमट राहतो. दवाखान्यातल्या खाटा, पाळणे, पहारेकऱ्यांच्या चौक्या, म्हाताऱ्यांची अंथरुणं, सगळीकडे आमचा दगड. छातीवर दगड ठेवणं म्हणजे मन घट्ट करणं, असं बाकीचे लोक म्हणतात. आमच्याकडे छातीवर दगड ठेवतात तो थंडी वाजू नये म्हणून.

दगडात किती वर्षांची ऊब उरली आहे हे यंत्राला कळत नाही, गालाला कळतं. ते माझं काम. परीक्षेची खोली लांबट आहे, मधोमध टेबल, त्यावर राखाडी बनातीचं कापड, आणि खिडकी एकच, उत्तरेची, म्हणजे दगडांवर ऊन पडत नाही. खडूवाला दगड पुढे सरकवतो. मी तो डाव्या गालाला लावते, डोळे मिटते, एक श्वास घेते आणि आकडा सांगते. "सहा." तो दगडावर सहा लिहितो. दिवसाला दोनशे दगड. हे काम बायकांकडेच असतं, कारण दाढी करून करून पुरुषांचे गाल निबर होतात. मला पावडर लावायची मनाई आहे, आणि थंडीत मफलर बांधल्याशिवाय बाहेर पडायची. सोळा वर्षांत माझा आकडा चुकलेला नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही, पुढे त्याचं काम आहे म्हणून सांगते. लहानपणी मी सारखी रुसायची म्हणून बाबा मला गालफुगी म्हणायचे. पुढे त्याच गालावर पोट भरलं.

इतिहास दोन आहेत. दफ्तरातला इतिहास म्हणतो की अमुक साली एका पाहणी पथकाला ऊबदगडाचा शोध लागला. आमच्या मोठ्या आत्याचा इतिहास म्हणतो की त्याच्या कितीतरी आधी एका मेंढपाळ बाईची सतरा कोकरं बर्फात हरवली. तिसऱ्या दिवशी ती सापडली तेव्हा सगळी एका उघड्या खडकावर गोल करून झोपलेली होती, आणि त्या खडकावर बर्फाचा कण नव्हता. बाईने कोकरं हाकलली आणि स्वतः तिथे झोपली. "आपण सगळे त्या झोपेतून उठलेलो लोक," असं आत्या म्हणायची. पथकाला शोध लागला तेव्हा त्यांना तो खडक दाखवायला आमच्यातलाच एक जण गेला होता. त्याचं नाव दफ्तरात नाही.

आणि लोक. आमचे लोक कमी बोलतात, आणि जे बोलतात त्यात एक शब्द सारखा येतो: निवणं. दगड गार झाला की निवला. माणसाचं समाधान झालं की तोही निवला. दिवसभराच्या कामावरून कुणी घरी आलं की विचारायचं, "निवलास का?" एकाच शब्दात सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगलं. शाळेतल्या मास्तरांना मी विचारलं होतं, असं का? ते म्हणाले, "वाक्य कुणाबद्दल आहे ते बघायचं." चार बोटं जागेत हे कसं बसवायचं ते साहेबांनी सांगितलं नाही.

आता खरी गोष्ट, जी कोणत्याच मथळ्याखाली येत नाही.

ऊबदगड माणसाचीही ऊब घेतो. ओंजळीत मावेल असा दगड सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोन्ही हातांत धरून बसायचं. मग वीस-पंचवीस वर्षं त्या माणसाच्या हातांची ऊब त्यात राहते, जिथे बोट टेकलं होतं तिथे थोडी जास्त. म्हणून आमच्याकडे कुणी कायमचं जायला निघालं की आदल्या दिवशी दगड धरून बसतं आणि घरच्यांना देऊन जातं. घरच्यांनी तो लोकरीत गुंडाळून पेटीत ठेवायचा. वर्षातून एकदा काढायचा, गालाला लावायचा, एक श्वास, पुन्हा आत. हातात धरायचा नाही. धरला तर आपली ऊब आत शिरते आणि आधीची निघून जाते. चालायला लागलेल्या पोरालाही आमच्याकडे हे पाठ असतं: दगडाला दोन मालक चालत नाहीत.

आमच्या पेटीत दादाचा दगड होता.

दादा गेला तेव्हा वीस वर्षांचा होता, मी सोळाची. बाबा खाणीत मुकादम. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं ढकलगाडीखाली गेलेली, म्हणून सगळी खाण त्यांना आठबोटे म्हणायची, आणि त्यांनाही ते चालायचं. दादाने खाणीत यावं एवढंच त्यांचं म्हणणं. दादाला समुद्र बघायचा होता. आमच्यातल्या कुणीही समुद्र पाहिला नव्हता, आणि तो बघून काय करायचं हे दादालाही सांगता येत नव्हतं. शेवटी बाबा म्हणाले, "जायचं तर जा. पण मग या दारात पुन्हा उभा राहू नकोस." मागचापुढचा विचार न करता बोललेलं वाक्य. ते त्यांना परत घेता आलं नाही, आणि दादाला विसरता आलं नाही. दादा एक दिवस ओट्यावर दगड धरून बसला. मी त्याला घास भरवले, कारण हात सोडायचे नसतात. बाबा त्या दिवशी अंधार पडेपर्यंत घरी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गेला.

दोन वर्षं पत्रं आली, मग थांबली. तो गेला त्याला आता बावीस वर्षं झाली. बाबांनी या बावीस वर्षांत त्याचं नाव घेतलं नाही. कुणी त्यांच्यासमोर घेतलं तर ते उठून जायचे. आईने दादाच्या लहानपणीच्या लोकरी टोपीत दगड ठेवला आणि पेटीला कुलूप लावलं. दगड कोमट आहे तोवर पोरगा जिवंत आहे, असं ती धरून चालली होती. दगडाला असलं काही कळत नाही. धनी मेला तरी दगड आपला कोमट राहतो, हे मला माहीत, आणि खाणीतल्या माणसाची बायको असल्यामुळे तिलाही माहीत. पण माहीत असणं वेगळं. मी गालपारखी झाल्यावरही तिने मला तो दगड कधी लावू दिला नाही. "तुझा गाल धंद्याचा आहे," म्हणायची. "तू आकडा सांगशील."

अशी माझी आई, आणि गेल्या महिन्यात तिचं पत्र आलं. पेन्सिलने, मोठ्या अक्षरात. "रजा काढून ये. गाल घेऊन ये. दगड वाढतोय."

मी ते पत्र खडूवाल्याला दाखवलं. तोही या धंद्यात तीस वर्षं आहे. त्याने दोनदा वाचलं, आणि त्या दिवशी रजेच्या अर्जावर विनोद केला नाही. ऊबदगड निवतो. वाढत नाही. आपोआप तर नाहीच.

बस घाट चढून उतरवते तिथून आमचं घर दहा मिनिटं. आई फाटकातच उभी होती. तिने मला आधी आत नेलं ते दादाच्या खोलीत. ती खोली अडगळीची होती, म्हणजे माझ्या मागच्या खेपेपर्यंत होती. आता भिंतींना चुना दिलेला, खिडकीला नवा पडदा, पलंगावर गादी उन्हात घालून फुगवलेली, दाराशी चपलांसाठी फळी. पलंगावरची चादर मी कधी पाहिली नव्हती. आईने ती कधी घेतली आणि कुठे दडवून ठेवली होती, कुणास ठाऊक.

"आई, हे काय?"

"दगड वाढतोय म्हणजे तो जवळ येतोय," आई म्हणाली. "मागच्या वर्षीच मला वाटलं होतं. म्हटलं, माझाच गाल म्हातारा झाला. यंदा मी चार वेळा लावला. दर वेळी जास्त. तू वर्षं सांगू नकोस. फक्त सांग, किती जवळ आला असेल."

तिने पेटी उघडली. टोपीसकट दगड माझ्यापुढे धरला. मी टोपी बाजूला केली, दगड गालाला लावला आणि डोळे मिटले.

दगड चांगलाच गरम होता. बावीस वर्षांच्या दगडासारखा तर नाहीच, परवा कुणी धरल्यासारखा. मी श्वास घेतला आणि दगड हळू फिरवला. एका अंगाला अंगठा आणि चार बोटं. दुसऱ्या अंगाला अंगठा आणि दोन बोटं. मग सपाट. जिथे अजून दोन बोटं असायला हवी होती तिथे काहीच नाही.

त्याच्याखाली मी दादाला शोधलं. नियम मोडून तीन श्वास घेतले. सोळा वर्षं रोज दोनशे दगड लावलेल्या गालाने शोधलं. दादाचा एक कणही नव्हता. दादा निवला होता.

"काय गं?" आईने विचारलं.

"प्रवासात गाल गारठलाय," मी म्हणाले. "संध्याकाळी सांगते."

आईने मान डोलावली आणि कामावर गेली. खाणीच्या दवाखान्याचं धुलाईघर आहे, तिथे ती बारा ते चार असते. खाण बंद पडली तरी आजारी माणसं आहेतच. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी थांबले आणि मागच्या छपरीत गेले.

बाबा बाकावर बसून एका कुदळीला दांडा बसवत होते. खाण बंद झाल्यापासून ते गावभरच्या कुदळींना दांडे बसवतात. खणायचं कुठे आहे हे कुणी विचारत नाही. मला बघून म्हणाले, "आलीस? निवलीस का?"

"पेटीची किल्ली तुम्हाला कुठे सापडली?" मी विचारलं. मला गोड बोलून मुद्द्यावर यायला जमत नाही.

बाबांनी कुदळ खाली ठेवली.

"डब्यांच्या फळीवर असते," ते म्हणाले. "सगळ्या घराला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा तू कोठारात गेलीस त्या वर्षी. घरात कुणी नव्हतं. म्हटलं, एक श्वास. माझा गाल निबर, मला काही कळेना. म्हणून हात लावला. हाताला कळलं. त्याचाच हात होता तो. दुसऱ्या दिवशी माझ्या हाताला सगळीकडे त्याचाच वास येतोय असं वाटत होतं, खुळ्यासारखं."

"मग?"

"मग कधीतरी. महिन्यातून एकदा. खाण बंद झाल्यावर दुपारी वेळच वेळ. तुझी आई गेली की..." त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले, ओंजळीसारखे. आठ बोटं. "तो कमी कमी व्हायला लागला. मला वाटायचं, अजून थोडा वेळ धरला तर सापडेल. आत कुठेतरी असेल."

मला राग आला होता, तो खरा होता. "बाबा, तुम्ही मुकादम होतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवायचात. दगडाला दोन मालक..."

"चालत नाहीत," ते म्हणाले. "मीच शिकवायचो. काय करू, राहवलं नाही."

छपरीच्या पत्र्यावर कुठलासा पक्षी चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता. मग बाबांनी मला जे विचारलं ते मी सोळा वर्षांत पेटीतले दगड दाखवायला येणाऱ्या शेकडो लोकांकडून ऐकलं आहे, आणि दर वेळी ताडकन उत्तर दिलं आहे.

"थोडा तरी उरलाय का तो?"

"नाही, बाबा," मी म्हणाले. "सगळे तुम्हीच आहात."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "तो दगड धरून बसला त्या दिवशी मी अंधार पडेपर्यंत खाणीत नव्हतो. पाळी दोन वाजता संपली. मी खाणीच्या तोंडाशी बसून होतो. आता वाटतं, घरी गेलो असतो तर तो हात सोडून उठला असता. तेव्हा मला वाटलं, मी नाही गेलो तर तोच येईल तिथे, दगड टाकून. भांडायला का होईना." त्यांनी कुदळ पुन्हा उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "मी सांगतो तुझ्या आईला. तू मध्ये पडू नकोस."

आई साडेचारला आली. बाबा ओट्यावर उभे होते. त्यांनी आधी दादाचं नाव घेतलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि नीट निघालंही नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, काही न वगळता, मुकादम अपघाताची हकिकत सांगतो तसं. किल्ली, फळी, एकेक दुपार.

आई रडली नाही. ओरडलीही नाही. तिने खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला लावली, पदराने हात पुसले, जे कोरडेच होते, आणि बाबांकडे वळली.

"मला नव्हतं वाटत धरावंसं?" ती म्हणाली. "बावीस वर्षं. मला नव्हतं वाटत?"

आई दादाच्या खोलीत गेली. मी मागे गेले. ती पलंगावरची नवी चादर ओढून काढत होती. दोन कोपरे सुटले, तिसऱ्याला ती थांबली. मग तिने सुटलेले कोपरे पुन्हा गादीखाली खोचले, हाताने सुरकुती काढली आणि म्हणाली, "असू दे. तूच झोप इथे. दर खेपेला स्वयंपाकघरात अंथरतेस."

खरं सांगते, मला त्याच वेळी रडू आलं. प्रसंग कुणाचा आणि रडतंय कोण. पण सोळा वर्षं मी रजेवर येते आणि चुलीपाशी अंथरते, आणि या घरात कुणाच्या ते लक्षात आहे हे मला माहीत नव्हतं. मी इथून कोठारात गेले तेव्हा कुणी मला दगड धरायला बसवलं नव्हतं. मी वर्षातून दोनदा येणारी. माझी काय आठवण ठेवायची?

पुढचे दोन दिवस आई बाबांशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पण ताट ठेवताना आवाज यायचा. बाबा खाली मान घालून जेवायचे आणि छपरीत जायचे. दगड टोपीत, टोपी पेटीत, पेटी उघडीच. कुलूप लावण्यात आता अर्थ नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आले तर बाबा ओट्यावर चहा घेत होते. आई आतून आली ती हातात दगड घेऊन. नुसता, टोपीशिवाय. बाबांच्या शेजारी उभी राहिली.

"सरका," ती म्हणाली.

बाबा सरकले. आई बसली आणि तिने दगड दोघांच्या मध्ये धरला. "खालून धरा," तिने सांगितलं. "मी वरून धरते. आता कशाला राखायचाय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू कोठाराची परवानगी लागणार होती. मग त्यांनी आठ बोटं दगडाखाली दिली. आईने वरून दहा ठेवली. त्या दिवशी धुलाईघरात ती गेली नाही, आणि कुणाच्या कुदळीला दांडा बसला नाही. दुपारी मी दोघांना घास भरवले. आईने एकदा सांगितलं की मीठ कमी आहे. बाबांनी एकदा सांगितलं की बूड दुखतंय. मग आई म्हणाली, "तो बसला होता तेव्हा त्याचंही दुखत होतं. मी उशी दिली होती." बाबा म्हणाले, "कुठली?" आणि आई सांगायला लागली. उशीचं झालं, मग त्या दिवशी दादा काय काय म्हणाला ते झालं, मग तो लहान असतानाचं. बाबा विचारत होते, आई सांगत होती. बावीस वर्षांचं साठलेलं. मी आत भांडी घासत बसले, घासून झालेली पुन्हा घासली, पण बाहेर गेले नाही. ऊन उतरलं तेव्हा त्यांनी हात सोडले.

दुसऱ्या दिवशी माझी बस होती. आईने फाटकात माझ्या हातात टोपी ठेवली. आत दगड होता.

"हा कशाला मला?"

"तू गेलीस तेव्हा तुझ्याकडून घेतला नाही आम्ही," ती म्हणाली. "परत येणाऱ्या माणसाचा घेत नाहीत. पण राहणाऱ्यांनीही कधी द्यायला हरकत नाही. आमचं आता वय झालं."

"आणि दादा आला तर?"

आईने वळणाकडे पाहिलं. बस अजून दिसत नव्हती. ती रोज तिकडेच बघते, पुढेही बघेल, हे मला तेव्हा कळलं.

"आला तर हात घेऊनच येईल ना," ती म्हणाली.

बाबा मागे उभे होते. त्यांनी माझ्या डाव्या गालाला हात लावला, उजवा, तीन बोटांचा. असं त्यांनी मी शाळेत असताना शेवटचं केलं असेल. "मफलर बांध, गालफुगे," म्हणाले. मी मफलर बांधला आणि निघाले.

साहेबांच्या कागदावर मी इतिहासाखाली कोकरांची गोष्ट लिहिली. लोकांखाली लिहिलं, 'कमी बोलतात'. साधनसंपत्तीखाली लिहिलं, 'संपत आली आहे'. साहेबांना ते फार थोडं वाटलं, पण त्यांनी सही केली.

दगड मी परीक्षेच्या खोलीत माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे. खोलीवर नेला तर रात्री माझे हात त्याला लागतील, हे मला पक्कं माहीत आहे. मी बाबांची मुलगी आहे. इथे निदान खडूवाला समोर असतो.

पहिल्या दिवशी दुपारी मी तो काढला, टोपी बाजूला केली आणि गालाला लावला. डोळे मिटले. एक श्वास. त्या श्वासात मी वर्षं मोजली नाहीत. वर्षं मोजता आली असती, माझा गाल अजून शाबूत आहे, पण मला तो आकडा नको होता. आई म्हणायची ते मला आता पटतं. मी दगड हळूहळू फिरवला आणि बोटं मोजली. खालून आठ. वरून दहा.

डोळे उघडले तर खडूवाला खडू घेऊन तयार. सवय. दगड दिसला की त्याचा हात पुढे येतो.

"किती लिहू?" त्याने विचारलं.

"अठरा."

त्याने नीट, गोलाईदार अक्षरात अठरा लिहिलं, फुंकर मारून खडूची भुकटी उडवली आणि दगड माझ्याकडे सरकवला.

"अठरा म्हणजे पुष्कळ झालं की," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. "पुष्कळ आहे."

माझ्या सोळा वर्षांच्या नोकरीतला तो एकच चुकीचा आकडा आहे. खडूवाल्याने तो पुसलेला नाही, आणि मीही पुसणार नाही.